रवंथ न करणारी म्हैस

गावाकडच्या गोठ्यात इंटरनेट नेलं मी, पण त्याचा पहिला खरा उपयोग केला तो आमच्या वहिनींनी. आणि तोही म्हशींसाठी नव्हे.

माझं कोल्हापुरात, शाहूपुरीत वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक काटे. दूध संस्थांचे, सराफांचे, भाजीवाल्यांचे, रद्दीवाल्यांचे. लोकांचे काटे खरं बोलतात की नाही हे बघण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्यामुळे आकडा दाखवणारी कुठलीही वस्तू दिसली की ती उघडून बघावीशी वाटते. माझा थोरला भाऊ, दादा, बिद्रीच्या बाजूला आमच्या गावी असतो. ऊस आहे, सहा म्हशी आहेत, आणि या सगळ्यांवर वहिनी आहेत. दादा साठी ओलांडलेला, मी त्याच्याहून सात वर्षांनी लहान. आमचं एकमेकांवर प्रेम आहे, असं आम्हाला ओळखणारे लोक सांगतात. फोनवर मात्र ते फारसं दिसत नाही. मी विचारतो, "बरं हाय?" तो म्हणतो, "बरं हाय." मग दोघंही फोन ठेवतो.

गोठ्याची कल्पना माझी. म्हशीच्या गळ्यात बांधायचा एक पट्टा मिळतो. त्याला काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी असते. म्हैस किती चालली, किती बसली, किती वेळ रवंथ केला हे त्या डबीला कळतं. म्हशी रानात गेल्या की डबी सगळं आपल्यापाशी साठवून ठेवते आणि गोठ्यात परतल्या की तिथल्या भिंतीवरच्या यंत्राला देऊन टाकते. त्या यंत्रात सिमकार्ड असतं, तिथून माहिती इंटरनेटवर. मी असे तीन पट्टे आणले. एक सात वेतं झालेल्या, म्हणजे सातदा व्यालेल्या थोरलीला, एक शिंगमोडीला आणि एक पहिल्यांदाच व्यालेल्या पहिलारूला. पाण्याच्या टाकीतही एक सेन्सर सोडला, कारण हात एकदा चालू झाला की थांबत नाही.

माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणाली, "पप्पा, नुसते आलेख बघून तुम्ही काय करणार? ही माहिती एआयला जोडून देते. मग तुम्ही साध्या मराठीत विचारायचं, तो सांगेल." तिनं दोन रविवार बसून ते जोडलं. मग मी दुकानात काट्याचं झाकण उघडून बसलेलो असताना फोनला विचारायचो, "गोठ्यात काय चाललंय?" आणि तो सांगायचा की शिंगमोडी चाळीस मिनिटांपासून बसून आहे, पहिलारू उभी आहे, टाकी निम्मी आहे. समोरचं गिऱ्हाईक तोंडाकडे बघत राहायचं. मी उगीचच तो प्रश्न गिऱ्हाईक असतानाच विचारायचो, हेही कबूल करतो.

वहिनींच्या फोनवरही ते बसवलं. त्यांची आणि एआयची पहिली भेट मला चांगली आठवते. त्या गोठ्यात उभ्या राहिल्या, फोन तोंडासमोर आडवा धरला आणि शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "पावणं, आयकताय का? मी आत्ताच धार काढून आलो. आमच्या म्हशी काय कराल्यात सांगा बघू."

आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. एआयला ते कुठून ठाऊक असणार? तो म्हणाला, "नमस्कार सर. तीन म्हशींची माहिती माझ्याकडे आहे. दोन म्हशी बसून रवंथ करत आहेत. एक उभी आहे."

वहिनींनी समोरच्या म्हशींकडे बघितलं, मग फोनकडे. "बरोबर हाय," त्या मला म्हणाल्या, "पर हे मला दिसतंय की."

"दिसत नसेल तेव्हासाठी आहे ते."

"मला दिसत न्हाय असं कधी हुतंय?"

विषय बदलायला मी म्हटलं, "तुम्हाला सर म्हणाला तो."

"म्हणू दे की. मान देतोय."

पुढचे दोन-तीन महिने माझ्या यंत्राची गत अशीच होती. पहिलारू माजावर आल्याचं एआयनं मला सांगितलं तेव्हा मी आनंदानं वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "व्हय, डॉक्टर कालच येऊन गेला." एका सकाळी तिन्ही म्हशी एकदम अस्वस्थ झाल्याचं कळलं. मी घाबरून विचारलं, तर शेजारच्यांच्या वरातीचा बँड गोठ्याच्या पाठीमागं सराव करत होता. वहिनी एआयशी रोज बोलायच्या मात्र. त्याची शुद्ध मराठी त्यांना आवडायची. "कीर्तनकारागत बोलतोय," म्हणायच्या, "पर कमी."

त्याच सुमारास दादाला साखर निघाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. दादा आयुष्यभर शेतात चालला, पण नुसतं चालायचं म्हणून चालणं त्याला लाजिरवाणं वाटायचं. तरी तो निघायला लागला. सकाळी सात वाजता जाकीट चढवायचं, चपला घालायच्या, आणि गावाबाहेर ओढा ओलांडून माळावरच्या देवळापर्यंत जाऊन यायचं. आमच्या फोनवरच्या बोलण्यात त्यामुळे एका वाक्याची भर पडली. मी विचारायचो, "चालतोस का?" तो म्हणायचा, "रोज. देवळापत्तोर."

मग एक आठवडा असा आला की दुकानात शिक्क्यांची गडबड होती. वजनमाप खात्याची पडताळणी असली की सगळ्या काट्यांना एकाच आठवड्यात ताप येतो. त्या आठवड्यात मी गोठ्याची चौकशी केलीच नव्हती. फोनवर एआयचे निरोप येत होते, तेही मी न वाचता बाजूला सारत होतो. गडबड संपल्यावर चहा पिताना सवयीनं विचारलं, "म्हशी कशा आहेत?"

"दोन म्हशी ठीक आहेत," तो म्हणाला. "थोरल्या म्हशीबद्दल मी तीन वेळा कळवलं होतं. गेल्या आठ दिवसांत तिनं एकदाही रवंथ केलेला नाही. तरी ती रोज सकाळी सातच्या सुमाराला चालायला निघते. हे दोन्ही एकत्र पटत नाही. पट्टा तिच्याच गळ्यात आहे ना, हे कुणी प्रत्यक्ष बघू शकेल का?"

तीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय की आकडा विचित्र दिसला तर आधी काटा तपासा, मग मालावर संशय घ्या. यंत्रानं मला माझाच धडा वाचून दाखवला होता. पण आपल्या घरची म्हैस असली की धडे आठवत नाहीत. आठ दिवस रवंथ नाही म्हणजे पोटात तार गेली, नाहीतर खिळा. मी वहिनींना फोन लावला.

"थोरली बरी आहे का?"

"बरी हाय. का?"

"खातेय का?"

"तुमच्यापेक्षा बरं खाती."

"अहो, आठ दिवस तिनं रवंथ केलेला नाही असं येतंय इथं."

मग वहिनी म्हणाल्या, "यंत्राचं काय खरं असतंय व्हय," आणि त्यांनी फोन ठेवला. आमच्या वहिनींनी आजवर कधी आधी फोन ठेवलेला नाही. मी दुकानाचं शटर ओढलं आणि गाडी काढली.

पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. थोरली डोळे अर्धे मिटून रवंथ करत बसली होती. इतकी निवांत, की मला जरा रागच आला. तिच्या गळ्यात पट्टा नव्हता. वहिनी शेणी थापत होत्या.

"पट्टा कुठाय?" मी विचारलं.

"धुवायला काढलाय."

"आठ दिवस?"

"चहा टाकू का, भावजी?"

"वहिनी."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, इकडंतिकडं बघितलं आणि मला वैरणीच्या गंजीमागं नेलं. तिथं कुणी नव्हतं, तरी त्या हळू बोलल्या. वहिनींना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "ह्यांच्या जाकिटात शिवलाय," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी खाली वैरणीवर बसलो.

त्यांनी सगळं सांगितलं. संशय चपलांवरून आला होता. माळावरची माती तांबडी आहे. देवळापर्यंत जाऊन आलेल्या माणसाचे पाय चपलांसकट घोट्यापर्यंत तांबडे होतात. दादाच्या चपला मात्र लग्नाला जाऊन आल्यासारख्या स्वच्छ. "म्हणजे हे कुठं जात असतील? स्टँडवरच्या हॉटेलात. भजी खायला. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय आन् हे चालायला म्हणून भजी खात्यात. मागनं जाऊन बघावं तर धारा कोण काढणार? मग म्हटलो, म्हशीवर एवढं यंत्र बसवलंय, ह्यास्नी बसवून बघूया."

थोरलीच्या पट्ट्याची डबी काढून त्यांनी ती दादाच्या जाकिटाच्या अस्तरात शिवली होती. त्या जाकिटात चष्म्याचं घर, मोबाईल, किल्ल्या, टॉर्च आणि दोन वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका असतात, त्यामुळे दादाला काही जाणवलं नाही. तो फिरून आला की जाकीट गोठ्याच्या खुंटीला अडकवायचा, आणि डबी इमानदारीनं सगळं ओतायची. मग वहिनी एआयला विचारायच्या, "पावणं, आमची थोरली आज किती चालली?" पहिल्या दिवशी तो म्हणाला, बरंच चालली, पण मधे मधे थांबली. मग दिवसेंदिवस कमी, आणखी कमी. जसजशी थोरली कमी चालायला लागली तसतसा वहिनींचा राग वाढला. त्यांनी रोज कारल्याची भाजी करायला सुरुवात केली.

"वहिनी, हे बरं नव्हे," मी म्हटलं. "माणसाला न सांगता असं..."

"मला बी ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्याला आता तुम्ही इचारा. मला तो थोरलीचंच सांगतोय."

मी फोन काढला आणि एआयला खरं काय ते सांगितलं. पट्टा म्हशीवर नाही, माझ्या भावाच्या जाकिटात आहे. वय साठीच्या पुढं, साखर आहे, सकाळी फिरायला जातो.

"हे सांगितलंत ते बरं झालं," तो म्हणाला. "आता या आकड्यांचा अर्थ वेगळा होतो. एक विचारू? ते ज्या रस्त्यानं जातात तिथं चढ आहे का?"

"आहे. ओढा ओलांडला की चढच आहे."

"मग मला असं दिसतं. पहिल्या दिवशी ते चढावर चार वेळा थांबले, तरी बरेच पुढं गेले. तिसऱ्या दिवशी सात वेळा थांबले आणि अर्ध्यातून परत फिरले. काल चढ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात थांबले, नऊ मिनिटं थांबून राहिले आणि मागं वळले. ते चालायची टाळाटाळ करतात असं यावरून वाटत नाही. ते रोज निघतात, रोज त्या चढाला लागतात आणि रोज आधीपेक्षा लवकर थांबतात."

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

तो पुढं म्हणाला, "हा पट्टा म्हशीसाठी बनवलेला आहे आणि मी डॉक्टर नाही. हे गुडघ्याचं दुखणं असू शकतं, दम्याचंही असू शकतं. पण साखर असलेल्या माणसाला हृदयाचा त्रास कधी कधी छातीत न दुखताही होतो. म्हणून वाट बघत बसू नका. त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या. तोवर त्यांना चढ चढू देऊ नका."

"परत सांगा म्हणावं," वहिनी म्हणाल्या.

त्यानं परत सांगितलं, तितक्याच सावकाश. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या माझ्या समोर खाली बसल्या. म्हणाल्या, "मी त्यास्नी आठ दिस कारलं घातलो."

दादा दूध संस्थेच्या कट्ट्यावरून आला तेव्हा आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. मला बघून त्याला बरं वाटलं, पण त्यानं ते दाखवलं नाही. "आज दुकान बंद काय रे?" म्हणाला.

मी सरळ विचारलं, "दादा, चढ चढताना दम लागतोय का?"

"कोण म्हनतंय?"

वहिनी उठल्या. "जाकीट काढा," म्हणाल्या. त्यानं काढलं, कारण त्या आवाजात सांगितलं की आमच्या घरात कुणीही काढतं. त्यांनी अस्तराची शिवण दातानं तोडली, डबी बाहेर काढली आणि त्याच्या हातात दिली.

थोरलीच्या गळ्यात हा पट्टा दादानंच बांधला होता. त्यानं डबी उलटसुलट करून बघितली.

"म्हशीचा पट्टा," तो म्हणाला.

"व्हय."

"मला."

"व्हय."

"इचारायचं तरी मला."

"तीन म्हैनं इचारालोय की," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दम लागतोय का म्हटलो. पायात गोळं येत्यात का म्हटलो. रोज बरं हाय म्हटलासा. आता माणसानं इचारायचं तरी कसं?"

दादा बाजल्यावर बसला. त्याला राग आला होता, आणि राग बरोबर होता. मला आत कुठंतरी लाज वाटत होती, कारण यंत्र माझं होतं. पण राग फार वेळ धरून ठेवण्याइतका दम त्याच्यात नव्हता हे आता आम्हाला तिघांनाही दिसत होतं. जरा वेळानं तो आपणहूनच बोलायला लागला. दुसऱ्या वळणावर गळ्यापाशी काहीतरी अडकल्यासारखं होतं. जबडा आवळल्यागत होतो. पित्त असेल असं त्याला वाटायचं. मग तो ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून राहायचा. शाळेची गाडी गेली की देवळापर्यंत जाऊन यायला लागतो तेवढा वेळ झाला असं समजून घरी यायचा.

"आन् हॉटेल?" वहिनींनी विचारलं.

"ते बी दोनदा," दादा म्हणाला.

डॉक्टरांकडे जायचं म्हटल्यावर मात्र तो अडला. उद्या बघू. म्हशींचं काय. उसाला पाणी चालू आहे. मी समजावलं, वहिनी रागावल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी तोच माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाला, "एवढं हाय तर त्या पावण्याला इचार, उद्या चालंल का."

मी जबडा आवळण्याचं सांगून विचारलं. एआय म्हणाला, "उद्या नको. चढ चढताना जबडा आवळतो, थांबलं की बरं वाटतं, आणि ते रोज वाढतंय, हे ऐकल्यावर मी आजच जा असं म्हणेन. त्यांनी स्वतः गाडी चालवू नये. चालूही नये. निघेपर्यंत शांत बसून राहावं. छातीत दुखलं किंवा घाम फुटला तर वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा."

दादानं हे मन लावून ऐकलं. "तीन म्हैनं झालं, सगळी मला चाला चाला म्हनत्यात," तो म्हणाला. "ह्यो एकटाच बसा म्हनतोय." आणि त्या एका वाक्यावर तो गाडीत येऊन बसला. मुकाट्यानं, पुढच्या सीटवर.

कोल्हापुरात हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला तिथंच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. दोन ठिकाणी रक्तवाहिनी चांगलीच चोंदली होती. दोन स्टेंट घालावे लागले. आमच्या भाषेत दोन स्प्रिंगा. आणखी पंधरवडा असाच गेला असता तर काय झालं असतं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

एक मात्र त्यांनी विचारलं. त्रास कसा कसा वाढत गेला? दादा म्हणाला, विशेष काही नाही. मग मी फोनवर आलेला अहवाल त्यांच्यापुढं धरला. त्यात रोजचं चालणं, रोजचं थांबणं, तारीखवार. डॉक्टर वाचता वाचता एकदम थांबले. मी वाकून बघितलं तर वर मथळा होता: 'थोरली. जात मुऱ्हा. वेत सातवं.' डॉक्टरांनी चेहरा गंभीर ठेवला, त्याबद्दल मी त्यांना मानतो. मागं उभ्या असलेल्या सिस्टरना ते जमलं नाही, त्या बाहेर निघून गेल्या. दादा छताकडे बघत पडला होता. "हसा की," तो म्हणाला. "सात वेतं झाल्यात माझी."

दवाखान्याच्या त्या चार दिवसांत वहिनी त्याच्या उशाशीच होत्या. गावाकडं धारा शेजारच्या चुलत जाऊबाई काढत होत्या. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर वहिनी कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून उभ्या, फोन आडवा धरून. दवाखाना म्हणून आवाज लहान ठेवायचा प्रयत्न चालला होता. "पावणं, शिंगमोडी बसली का? पहिलारूनं पाणी पिलं का? आन् थोरली?"

एआयनं दोघींचं सांगितलं. थोरलीची माहिती नाही म्हणाला, कारण तिचा पट्टा तिच्यावर नव्हता. तो वहिनींच्या पिशवीत होता. त्या इतक्या हिरमुसल्या की मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गावी गेलो आणि थोरलीच्या गळ्यात पट्टा बांधून आलो. दुकानात परतेपर्यंत त्यांचा फोन आला. "बसलीया," त्या म्हणाल्या. "रवंथ करालीया. दोन घास जास्तच खाल्लंय बघा तिनं." दोन घासांचं यंत्राला कळत नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर दादा आणि वहिनी पंधरा दिवस आमच्या घरी राहिले. तेवढ्यात मुलगी पुण्याहून आली आणि येताना माणसाच्या मनगटावर बांधायचं घड्याळ घेऊन आली. ठोके मोजणारं, पावलं मोजणारं. दादानं ते हातात घेतलं, पण बांधलं नाही. आधी त्यानं एआयशी बोलायची इच्छा व्यक्त केली. आम्ही सगळे बाजूला उभे राहिलो.

"हे बघा पावणं," तो म्हणाला, "माझं जे काय असंल ते पयलं मला सांगायचं. मागनं दुसऱ्यास्नी न्हाय. कबूल?"

"कबूल," एआय म्हणाला. "तुमची माहिती तुम्हालाच सांगेन. ती आणखी कुणाला दाखवायची हे तुम्ही ठरवा. पण जिवाला धोका आहे असं दिसलं तर कुणाला कळवू, हे एक नाव आत्ताच सांगून ठेवाल का?"

दादानं विचार केला. आम्ही तिथंच उभे होतो, पण त्यानं कुणाकडं बघितलं नाही. "हिला," तो म्हणाला. वहिनी भांडी घासत होत्या. नळ मोठा सोडला होता, पण त्यांनी ऐकलं असणार.

हे झाल्याला आता वर्ष होत आलं. गेल्या महिन्यात मी गावी गेलो होतो. सकाळी दादा म्हणाला, चल. आम्ही ओढा ओलांडला आणि चढाला लागलो. तो माझ्या पुढं होता, एका लयीत चालत होता, आणि बोलत होता. इतका बोलतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पट्टा बघून फार राग आला होता, म्हणाला. आठ दिवस कुणीतरी आपल्याला जाकिटातनं बघत होतं म्हणून नव्हे. ज्या चढावर आपण एकटे आहोत असं वाटत होतं, तिथं आपण किती वेळ बसलो हे बायकोला कळलं म्हणून. "मग दवाखान्यात पडल्या पडल्या वाटलं," तो म्हणाला, "कळलं तर कळलं."

मला उत्तर द्यायचं होतं. पण दुसऱ्या वळणापाशी मलाच धाप लागली होती आणि शब्द निघेना. दादा थांबला, मागं वळला आणि माझ्याकडं नीट बघितलं. घड्याळाकडं नाही, फोनकडं नाही. माझा हात धरून त्यानं मला रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं.

"छातीत काय?"

"नाही. नुसता दम."

"जबडा?"

"नाही रे."

"खरं सांग."

"खरंच."

तो माझ्या शेजारी बसला. खाली गाव दिसत होतं, गोठ्याचा पत्रा चमकत होता. आम्ही देवळापर्यंत गेलो नाही त्या दिवशी. परत येताना त्यानं माझा हात सोडला नाही, आणि घरी आल्यावर मला न विचारता कोल्हापुरातल्या त्याच डॉक्टरांची वेळ घेतली. मंगळवारी तो स्वतः एसटीनं आला, माझ्या शेजारी बाकड्यावर बसला, आणि नंबर पुकारल्यावर माझ्याआधी आत शिरला. माझं हृदय ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, पाय मात्र वापरत जा, दुकानात बसून ते गंजलेत. तेव्हापासून मी दुकान अर्धा तास उशिरा उघडतो.